शेणाचे घर, मेणाचे घर : आपण दाराच्या कोणत्या बाजूला होतो?

मुलाला घास भरवताना मराठी घरांत बहुधा सर्वांत आधी जी गोष्ट सांगितली जाते, ती चिऊ-काऊची. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’तही ती सापडते; तेथे चिमणीच्या जागी साळुंकी आहे, पण मेण, शेण आणि पाऊस तेच आहेत. लहानपणी आपण सारे चिऊच्या पक्षाचे असतो आणि काऊला आळशी, घाणेरडा ठरवून मोकळे होतो. माझा पक्ष चाळिशीनंतर बदलला. आपल्या आयुष्यात ही पात्रे कशाची प्रतीके ठरली, ते नाशिककरांनी लिहावे, अशी विनंती आहे. पुस्तकी अर्थ नकोत, घडलेले लिहावे.

पंचवटी :
माझ्या वडिलांचे भांडीबाजारात छोटे दुकान होते. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली यावरून आम्ही नेहमीसारखा पाण्याचा अंदाज घेत राहिलो (नाशिककरांची पूर मोजण्याची खरी पट्टी तीच), आणि पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेले तेव्हा माल हलवायला फार उशीर झाला होता. जेवढी पोती वाचली, ती ठेवण्यासाठी उंचावर राहणाऱ्या एका नातेवाइकांकडे जागा मागितली. त्यांनी एकदाही नाही म्हटले नाही. आधी मुलाची चाचणी परीक्षा होती, मग पाहुणे आले होते, मग गच्चीचे काम निघाले होते. ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’ या वाक्यात नकार किती सभ्यपणे बसवलेला आहे, हे मला त्या आठवड्यात समजले. काऊचे घर शेणाचे होते म्हणून वाहून गेले, असे आम्हाला सांगण्यात आले होते. ते सखल जागी होते म्हणून वाहून गेले असेल, हे पुरानंतर सुचले. वडिलांनी नदीकाठी दुकान थाटले ते आळसाने नव्हे, बाजारच तेथे भरत होता म्हणून.

इंदिरानगर :
वरील अनुभवाबद्दल सहानुभूती आहे, तरीही मी चिऊची बाजू मांडते. माझी मुलगी पाच महिन्यांची असताना पती नोकरीनिमित्त परगावी होते आणि सासू-सासरे गावी होते. तेव्हा मुलीला झोपवताना मीच ही गोष्ट सांगत असे, आणि एके रात्री सांगता सांगता थबकले, कारण अंघोळ, तीट, काजळ, अंगडे, दूध, पाळणा ही चिऊची सारी कारणे म्हणजे माझी त्या दिवसाची कामांची यादीच होती. ती बहाणे करत नव्हती, ती खरोखर कामात होती. घरी एकटी बाई, कडेवर मूल, बाहेर मुसळधार पाऊस आणि दारावर थाप, अशा वेळी आपल्यापैकी कितीजणी लगेच कडी काढतील? आणखी एक गोष्ट मला तेव्हापासून खटकते. या कथेत चिमणा कोठे आहे, असे कोणीच कसे विचारत नाही?

(धागा काढणाऱ्याकडून : मीही हा प्रश्न आजवर कधी विचारला नव्हता, हे कबूल करतो.)

निफाड तालुक्यातून, सध्या सिडको :
आमचे लहानपण शेणाने सारवलेल्या घरात गेले आणि ते घर एकाही पावसाळ्यात वाहिले नाही. उलट मेणाचे घर आमच्याकडच्या वैशाखात टिकून दाखवावे! शेण म्हणजे हलके आणि मेण म्हणजे भारी, ही प्रतवारी ज्याने लावली त्याच्या घरी गोठा नसावा. शहरात प्रथम भाड्याची खोली शोधताना माझ्या बोलीवरून घरमालकांनी जी प्रतवारी लावली, तीही याच जातीची होती.

नाशिकरोड :
माझा अनुभव रामकुंडावरचा आहे. आईच्या दशक्रियेच्या दिवशी पिंड मांडून आम्ही बाजूला उभे राहिलो. घाटावर कावळे भरपूर होते, शेजारच्या पिंडांना ते शिवतही होते, पण आमच्याकडे एकही येत नव्हता. मामांनी धाकट्या बहिणीचे लग्न करून देण्याचा शब्द दिला, मी घर विकणार नाही असे म्हटले, भावाने दारू सोडण्याची शपथ घेतली. कावळा समोरच्या भिंतीवर बसून मान वाकडी करून पाहत राहिला. जन्मभर अंगणातून हुसकावलेल्या पक्ष्याला आम्ही हात जोडून ‘ये, ये’ म्हणत होतो आणि आता थांबवण्याची पाळी त्याची होती. तो तर कारणेही देत नव्हता. आई ही गोष्ट सांगताना काऊच्या थापेसाठी पाटावर बोटांनी टकटक करायची आणि मी प्रत्येक वेळी ‘नको उघडू’ म्हणून ओरडायचो, ते मला त्या उन्हात आठवले. तासाभराने गुरुजींनी घड्याळ पाहिले, दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून आम्हाला अंघोळीला पाठवले. भिंतीवरचा कावळा तोवर तेथेच होता.