मदत हवी आहे: उत्तर ३ येतंय, मागे 'उकल नाही' छापलंय

सातरस्ता:
उद्या पेपर आहे, लवकर सांगा. क्ष² − ९ / क्ष² − ५क्ष + ६. कसंही सोडवलं तरी क्ष = ३ येऊलालंय. पुस्तकाच्या मागे उत्तरांत "उकल नाही". छपाईची चूक आहे ना?

उभा_भागाकार:
बरोबरीचं चिन्ह कुठाय? ही नुसती राशी झाली, सोडवणार काय? आणि कंस घाल. लिहिलंय तसं वाचलं तर फक्त ९ ला क्ष² ने भागायचंय.

सातरस्ता:
कंस कळतोच की ओ. (क्ष² − ९)/(क्ष² − ५क्ष + ६) = ६.

हुरडापार्टी:
छपाई बरोबर आहे. छेदाचे अवयव (क्ष − २)(क्ष − ३), २ किंवा ३ घातला की छेद शून्य, म्हणून हे दोन्ही पहिल्याच ओळीत बाद. अंश (क्ष − ३)(क्ष + ३). काटल्यावर (क्ष + ३)/(क्ष − २) = ६, म्हणजे क्ष + ३ = ६क्ष − १२, ५क्ष = १५, क्ष = ३. तो तर आधीच बाद. दुसरं काही उरत नाही.

सातरस्ता:
अहो पण (क्ष − ३) उडाला ना! उरलेल्यात ३ घातला तर ६/१ = ६. ताळा जुळतोय.

हुरडापार्टी:
ताळा मूळ समीकरणात घ्यायचा. अंश ९ − ९ = ०, छेद ९ − १५ + ६ = ०. शून्य भागिले शून्य. वर-खाली (क्ष − ३) काटणं म्हणजे त्याने भागणं, आणि ते क्ष ≠ ३ असेल तरच चालतं. बाद किमती नेहमी काटण्याआधीच्या छेदावरून काढ.

कंपासपेटी:
काटायचंच कशाला? तिरकस गुणाकार करा. क्ष² − ९ = ६क्ष² − ३०क्ष + ३६, म्हणजे ५क्ष² − ३०क्ष + ४५ = ०, ५ ने भागून (क्ष − ३)² = ०. झालं.

हुरडापार्टी:
काय झालं? परत ३च आला. तिरकस गुणाकारात दोन्ही बाजूंना छेदाने गुणतो; छेदच शून्य असला की ० = ० होतं आणि खोटं मूळ, म्हणजे खोटी उकल, आत घुसते. वाट लांबली एवढंच.

अकरावी_अ:
३ च्या जवळ किंमत ६ कडेच जाते. ३.०१ ला ५.९५०५, २.९९ ला ६.०५०५. सीमा ६ आहे, मग ३ धरायला काय हरकत?

उभा_भागाकार:
सीमा ६ आहे, किंमत ६ नाही. आलेखात (३, ६) ला भोक आहे. २ पाशी मात्र रेघ वर-खाली पळून जाते. डेस्मॉसवर (आलेख काढायचं ॲप) रेघ सलग दिसते, भोक नजरेला येत नाही. एक्सेलमध्ये मूळ सूत्रात ३ घालून बघ, भागाकाराची एरर येते. आणि शाळेतल्या पोराला सीमा कशाला सांगतोस बे?

शेंगाचटणी:
भागाकाराची गणितं पण बघून ठेव. (अ/ब) ÷ (क/ड) मध्ये ब आणि ड शून्य नकोत, आणि क सुद्धा नको, कारण उलटवल्यावर तो खाली जातो. छेद क्ष² + ९ असेल तर वास्तव संख्यांत एकही किंमत बाद नाही, उगाच ±३ लिहू नकोस.

सातरस्ता:
आलेख राहू द्या. पेपरात नेमकं काय लिहू?

हुरडापार्टी:
वर "क्ष ≠ २, क्ष ≠ ३". शेवटी "क्ष = ३ मिळते, पण या किमतीला छेद शून्य होतो, म्हणून उकल नाही". कारण गाळू नकोस. उजवीकडे ६ ऐवजी २ असते तर क्ष = ७ आलं असतं आणि ते चाललंही असतं: ४०/२० = २. १ असता तर पुन्हा उकल नाही, पण कारण वेगळं.

सातरस्ता:
वेगळं कसं?

हुरडापार्टी:
क्ष + ३ = क्ष − २. क्ष दोन्हीकडून जातो, ३ = −२ उरतं. तिथं बाद किमतीचा संबंधच नाही.