मानधन, मजुरी, पगार: एकाच घरातले तीन शब्द

प्रश्न:
परवा शेजारच्या काकूंबरोबर एका कचेरीत गेलो होतो. काकू अंगणवाडी सेविका. अर्जात त्यांनी 'पगार' लिहिलं होतं, ते खिडकीतल्या बाईंनी खोडायला लावलं. "पगार नाही, मानधन लिहा." काकूंनी मुकाट्यानं लिहिलं. त्यांच्या सासूबाई विड्या वळतात, त्यांची 'मजुरी'. मुलगा बँकेत, त्याचा 'पगार'. मान अधिक धन म्हटलं तर तिघांत काकूंचाच शब्द वरचा. मग तो लिहिताना त्यांचा चेहरा का उतरला?

उत्तर:
'पगार' आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, मूळ अर्थ पैसे देणं. 'मजूर' फारसीतला, 'मुज्द' म्हणजे मोबदला, तो घेणारा मजूर. मुळात दोघांत उच्चनीच काहीच नाही, ते आपण घातलं. महिन्याला ठरलेलं मिळतं तो पगार, हातून होईल तेवढ्याचंच मिळतं ती मजुरी. माझे आजोबा मिलमध्ये होते, ते 'पगार झाला' म्हणायचे. वडील यंत्रमागावर नगावर चादरी विणायचे, ते 'मजुरी' म्हणायचे. काम कापडाचंच, पण सोयरीक जमवताना आजोबांचा शब्द भारी पडायचा.

'मानधन' व्याख्यात्याला देतात, स्पर्धेच्या परीक्षकाला देतात. घेणाऱ्याचं पोट त्यावर चालत नाही, असं त्यात धरलेलंच असतं. रोज पोरं गोळा करायची, त्यांना खाऊ घालायचं, वजनं घ्यायची, नोंदी भरायच्या, एवढं करणाऱ्या बाईला हा शब्द लावला की तिचं काम नोकरी न राहता सेवा होतं, आणि सेवेला हक्काची रजा-पेन्शन कोण देतो? अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेच्या, कायद्यात हे मानधनही वेतनच धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. चेहरा उतरणारच.

आणखी एक उत्तर:
दादा, मजुरीच्याही खाली एक पायरी आहे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात विडीवाल्या बाईला विचारा, "काय करता?" मांडीवर सूप असतं. पत्र्याचं माप ठेवून पान कातरायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. हात क्षणभर थांबत नाहीत. आणि उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते."
माझ्या आईच्या ओळखपत्रावर 'विडी कामगार' छापलंय. शाळेच्या फॉर्मवर मात्र आईच्या व्यवसायापुढे मी दहावीपर्यंत 'गृहिणी' लिहीत आले. फी त्या विड्यांतूनच भरली जायची. याची मला आजही लाज वाटते.

प्रश्नकर्ता:
ताई, तुमचं आणि वरचं, दोन्ही काकूंना वाचून दाखवलं. २०२२ चा निकाल त्यांना माहीत होता, मोर्च्यालाही त्या जाऊन आल्यात. मी म्हटलं, "मग खिडकीपाशी बोलला का नाहीत?"
"मागे रांग होती रे," म्हणाल्या.