सर्वज्ञ, सर्वशक्तिमान... आणि तिसरा शब्द?

एका तत्त्वज्ञानाच्या लेखाचा अनुवाद करतेय. ईश्वराची तीन विशेषणं ओळीने येतात. पहिल्या दोघांना सर्वशक्तिमान, सर्वज्ञ हे शब्द तयार आहेत. 'ऑम्निबेनेव्होलन्ट'पाशी गाडी अडलीय. 'परमदयाळू' चालेल?

— नको. लॅटिनमध्ये 'बेने' म्हणजे चांगलं, 'वोलेन्स' म्हणजे इच्छिणारा. दया यायला समोर कुणी दुःखी लागतो, भलं चिंतायला लागत नाही. आणि ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर चालत आलेला पेच आठवा: देवाला दुःख घालवायचंय पण जमत नाही, की जमतं पण घालवायचं नाही? सगळा जोर इच्छेवर आहे. तिथे 'दयाळू' घातलंत की पेचाचं भजन होतं. 'सर्वहितैषी' लिहा.

'हितैषी' म्हटलं की मला चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स दिसतो, खाली 'समस्त हितचिंतक'! आपल्याकडे हा वाद झालाच नाही का?

— झाला की, ताई. ब्रह्मसूत्र २.१.३४: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्...' ईश्वरावर दोन आरोप, पक्षपात आणि नैर्घृण्य. मराठीत घृणा म्हणजे किळस, पण संस्कृतात तिचा अर्थ दया, कणव असाही आहे. म्हणून तर निर्दय तो 'निर्घृण'. पेपरात रोज 'निर्घृण खून' वाचतो आपण, त्यात किळस नसल्याचा काय संबंध, असं कधी मनात येत नाही.

या सूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्यांचं उत्तर पावसाचं आहे. पाऊस सगळीकडे सारखाच, भात उगवणार की जव ते बियाण्यावर. बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. आरोप टळतो खरा, पण 'सापेक्ष' म्हटल्यावर देव कर्म बघून फळ देणार. माझ्या मते इथे चांगुलपणा वाचवताना सर्वशक्तिमान थोडा खर्ची पडतो.

— मध्येच बोलतो. गीतेत (५.२९) 'सुहृदं सर्वभूतानाम्' आहे. शंकराचार्य तिथे सुहृदचा अर्थ परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करणारा असा देतात. 'सर्वसुहृद' कसा वाटतो?

गोड आहे, पण वाचकाला मित्रच दिसेल. 'सर्वहितैषी' ठेवते, फ्लेक्ससकट. भाववाचक नाम 'सर्वहितैषीता' ना?

— 'सर्वहितैषिता'. षि ऱ्हस्व.