इस्ट्रोजेनच्या पॅचखाली लाल चौकोन: नुसता त्रास की अ‍ॅलर्जी?

मोगरा५४: पाळी थांबून तीन वर्षं झाली. 50 मायक्रोग्रॅमचा इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) पॅच, मॅट्रिक्स प्रकारचा, म्हणजे औषध गोंदातच मिसळलेला, आठवड्यातून दोनदा ओटीपोटावर. गरम झळा आटोक्यात आहेत, पण पॅच काढला की खाली लाल चौकोन आणि खाज. उन्हाळ्यात वाढतं. साध्या चिकटपट्टीनेही कातडी लाल होते, टिकलीने कपाळावर पांढरा डाग पडला होता. ही अ‍ॅलर्जीच का? ब्रँड बदलू की गोळ्या सुरू करू?

त्वचातज्ज्ञ_प: आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. लाली पॅचच्या कडेपाशीच थांबते, काढल्यावर एक-दोन दिवसांत ओसरते, तर तो बहुधा नुसता दाह: घाम, कोंडलेली हवा आणि ओढून काढणं. अ‍ॅलर्जीत पुरळ कडेबाहेर पसरतं, बारीक पाणीदार फोड येतात, पॅच काढल्यावरही खाज वाढत जाते आणि पुढच्या पॅचला प्रतिक्रिया लवकर व जोरात येते. कधी कधी जुन्या जागाही पुन्हा पेटतात.

टिकलीचा पुरावा इथे फारसा चालत नाही. तिच्या गोंदातला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझिन. कापडी चिकटपट्टीत बऱ्याचदा रबर किंवा राळ असते. मॅट्रिक्स पॅचचा गोंद बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलेट या प्लास्टिकसारख्या रसायनाचा. जेल नेलपॉलिशमध्येही अ‍ॅक्रिलेट असतं, म्हणून तिने बोटांना त्रास झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

औषधवाली: तुमच्या वर्णनावरून लावण्याच्या पद्धतीत वाव दिसतो. पॅच ओटीपोटावरून नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागावर न्या. तिथे लाली सहसा कमी येते. कमरेवर मुळीच नको: परकराची किंवा सलवारीची नाडी तिथेच घासते, कडा उचलतात. स्तनांवर कधीच नाही.

अंघोळीनंतर लगेच लावू नका. अंग पूर्ण कोरडं होऊन घाम थांबू द्या. त्या जागी खोबरेल, लोशन, टाल्कम नको. तेलावर पॅच धरत नाही, मग लोक वरून चिकटपट्टी मारतात आणि कातडीला दुसरा गोंद लागतो. तळहाताने दहा सेकंद दाबा, कडा नीट बसवा. एकाच जागी निदान आठवडाभर पुन्हा नको. उजवी-डावी, वर-खाली असा क्रम कॅलेंडरवर लिहा.

काढताना एक कोपरा सोडवून सावकाश, त्वचेलगत मागे दुमडत काढा. चिकटा उरला तर थोड्या वेळाने तेलाच्या बोळ्याने. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने लाली दुप्पट होते.

मोगरा५४: पॅचखाली आधीच हायड्रोकॉर्टिसोन लावलं तर?

औषधवाली: मलमावर पॅच निसटतो. काढल्यानंतर, लाल जागेवर 1 टक्क्याचं, तेही थोडे दिवस. ती जागा पूर्ण शांत होईपर्यंत वगळा.

त्वचातज्ज्ञ_प: एवढं करूनही पुरळ कडेबाहेर गेलं तर पॅच टेस्ट करून घ्या. नावातला पॅच वेगळा, गोंधळू नका. पाठीवर संशयित घटक लावतात, 48 तासांनी काढून वाचतात आणि लावल्यापासून 72 ते 96 तासांनी पुन्हा. दुसरं वाचन टाळू नका, उशिरा येणारी प्रतिक्रिया त्यातच सापडते. चाचणीत तुमच्या पॅचचा तुकडा आणि इस्ट्राडायॉल दोन्ही हवेत. अ‍ॅलर्जी गोंदाची असेल तर वेगळ्या गोंदाचा पॅच किंवा कातडीवर चोळायचं इस्ट्राडायॉलचं जेल चालतं. खुद्द इस्ट्राडायॉलची निघाली, तर ब्रँड बदलून काहीच साधत नाही; जेलनेही त्रास होतो, आणि गोळीनेही अंगभर पुरळ येऊ शकतं. हे विरळा, पण चुकू नये असं.

जुन्या जलाशय प्रकारच्या पॅचमध्ये (औषध आतल्या पिशवीत द्रवरूपात) अल्कोहोल असायचं, त्यांनी कातडी जास्त चिडायची. मॅट्रिक्सवर हा त्रास कमी झाला. त्यामुळे ब्रँड बदलताना आत काय आहे ते वाचा, खोक्याचा रंग नाही.

स्त्रीरोग_सल्ला: गोळ्यांची घाई नको. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जातं आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवतं. पॅच-जेलमध्ये तो कमी. जेल 0.06 टक्के असेल, तर 1.25 ग्रॅमच्या एका पंपात 0.75 मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल. 50 मायक्रोग्रॅमच्या पॅचच्या जवळपास दोन पंप धरतात, पण शोषण माणसागणिक बदलतं, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. जेलही अल्कोहोलयुक्त असतं, सोललेल्या कातडीवर झोंबतं. दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरून सुकू द्या, लहान मुलांचा स्पर्श टाळा.

गर्भाशय असेल तर पॅच बदलताना सोबतचं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक थांबवू नका. इस्ट्रोजेन एकटं चाललं की गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. पाळी थांबल्यावर रक्त दिसलं तर पॅचची चर्चा बाजूला ठेवून आधी तपासणी.

औषधवाली: एमआरआय असेल तर विचारा; काही पॅचच्या पाठीला धातू असतो, तो तापून भाजू शकतो. आणि काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाका, त्यात बरंच औषध उरलेलं असतं.