‘क्राइम अँड पनिशमेंट’मधल्या सोन्या या मुलीने खुनी रास्कोल्निकोव्हला माणसात आणलं. बरं, मग सोन्याचं काय?

मधली सुट्टी:
दोस्तोयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (१८६६) परत वाचली आणि या वेळी डोकंच फिरलं. नायक रास्कोल्निकोव्ह कुऱ्हाडीने दोन बायकांचा जीव घेतो आणि त्याला सावरायचं काम कुणाकडे, तर घर चालावं म्हणून शरीर विकणाऱ्या अठराएक वर्षांच्या पोरीकडे, सोन्याकडे. ती पहिल्यांदा ‘जाऊन’ येते तो प्रसंग आठवा. तीस रूबल सावत्र आईपुढे मुकाट ठेवते, हिरवी शाल तोंडावर ओढते आणि भिंतीकडे वळून पडते. नुसते खांदे थरथरतात. हेही आपल्याला कळतं ते तिच्या दारुड्या बापाकडून, गुत्त्यात. वाया गेलेला पुरुष, पुण्यवान बाई, झाला उद्धार! कंटाळा आला या साच्याचा.

तिखटमीठ:
साचा? रास्कोल्निकोव्ह सोन्यापाशी कबूल होतो तेव्हा ती रडते, मिठी मारते, मान्य. पण लगेच काय सांगते? चौकात जा, जमिनीचं चुंबन घे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, मी खून केलाय. पोटात घालणारी बाई असं बोलते होय? शेवटी हा पठ्ठ्या पोलीस ठाण्यात जाऊन काहीच न सांगता खाली उतरतो. बाहेर ती उभी, पांढरीफटक. हा मुकाट वळतो, जिना चढतो, गुन्हा कबूल करतो. मला तर ती नर्स नाही, पहारेकरी वाटते.

झब्बू:
खुनाचा तपास करणाऱ्या पोर्फिरीला विसरलात. तो रास्कोल्निकोव्हच्या खोलीवर येऊन तोंडावर सांगतो, खुनी तूच, आपणहून ये, शिक्षा कमी होईल. झालीही, आठ वर्षांवर भागलं. आणि सोन्या सायबेरियाला गेली ती स्विद्रिगायलोव्हने दिलेल्या पैशांवर! रास्कोल्निकोव्हच्या बहिणीच्या मागे लागलेला, कादंबरीतला सगळ्यांत नासका माणूस. त्याच्यामुळे तिचा धंदा सुटला, हिरोमुळे नाही.

पावसाळी ढग:
आपल्याकडे ‘एकच प्याला’तली सिंधू बघा. एवढी पतिव्रता, पण सुधाकरची दारू सुटली का? गडकऱ्यांनी तो उद्धार नाकारलाच की.

मधली सुट्टी:
@पावसाळी ढग, नाकारला, पण किंमत सिंधूनेच मोजली ना? जगला-मेला तो, जळाली ती.

तिखटमीठ:
सोन्या जळत नाही, हाच तर फरक आहे. सायबेरियात ती शिवणकाम करते, घरोघरी तिच्यावाचून अडतं. कैदी रास्कोल्निकोव्हला नास्तिक म्हणून मारायला धावतात आणि तिला माय म्हणतात. तिच्याकडून पत्रं लिहून घेतात. तो तर तेव्हा तिच्याशी धड बोलतही नसतो. तिचं जग त्याच्यावाचून उभं राहतं.

मधली सुट्टी:
मग ते जग दाखवायचं होतं! सगळं उपसंहाराच्या चार ओळींत उरकलंय. ती रास्कोल्निकोव्हच्या बहिणीला, दुन्याला, आणि त्याच्या मित्राला, राझुमिखिनला पत्रं पाठवते, त्यात तो कसा आहे, काय खातो, काय बोलतो याची बारीकसारीक हकिगत. स्वतःबद्दल एवढंच, की ओळखी झाल्यात, शिवणकाम मिळतंय.