मदत हवी आहे: प्रोस्टेटचं ऑपरेशन नीट झालं, तरी बाबांची लघवीची घाई का थांबत नाही?

वाटेवरची

नमस्कार. बाबांच्या (वय ७१) लघवीच्या त्रासाबद्दल विचारायचं आहे. लिहिणं जरा लांबेल, पण तपशील न देता विचारलं तर उत्तरही मोघमच मिळेल.

बाबांची धार बरीच वर्षं बारीक होती. सुरू व्हायला वेळ लागायचा, मध्येच थांबायची, बाहेर आल्यावर परत आत जावं लागायचं. नंतर रात्री झोपेत कपडे ओले होऊ लागले. पोटात मात्र अजिबात दुखत नव्हतं. बेंबीखाली गोल फुगवटा दिसायचा, त्याला ते गॅस म्हणायचे. पुढे पायांवर सूज आली, भूक गेली. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसेल तर रक्तात वाढतं ते) ३.४. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेलं, दोन्ही किडन्या फुगलेल्या आणि लघवी करून आल्यावरसुद्धा पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, लिटरभराहून जास्त लघवी शिल्लक. रिपोर्टमध्ये मूत्राशयाची भिंत जाड झाल्याचंही लिहिलं होतं.

लगेच नळी घातली. त्यानंतरचा दिवस मी विसरणार नाही. युरिन बॅग रिकामी करून टेकते न टेकते तोच पुन्हा भरलेली. लघवीत थोडं रक्तही होतं. नर्स तासातासाला माप लिहीत होत्या आणि सलाईन चालू होतं. किडनी सावरल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. क्रिएटिनिन आता १.३ आहे.

धार आता जोरात येते, ते पाहून आम्हाला बरं वाटतं. पण लघवी लागली की बाबांना क्षणभर धीर निघत नाही. दाराच्या कुलपात किल्ली फिरेपर्यंत कपडे ओले होतात. रात्रीही बऱ्याचदा उठावं लागतं. परवाच्या सोनोग्राफीत लघवीनंतर १८० मिली शिल्लक दिसली. बाबा म्हणतात, "ऑपरेशन फसलंय, मला सांगत नाहीत तुम्ही." त्यांनी बाहेर जाणंच सोडलं आहे.

अडथळा काढला तर मूत्राशय पूर्ववत का होत नाही? व्हायला किती वेळ लागतो? आणि तो पहिल्या दिवशीचा लघवीचा लोंढा काय प्रकार होता? डॉक्टरांना विचारलं, त्यांनी "वेळ द्या" एवढंच सांगितलं. वेळ द्यायची आमची तयारी आहे, पण आत काय चाललंय ते कळलं तर बाबांना समजावता येईल.

सुहृद

ताई, मी युरॉलॉजी विभागात काम केलेला डॉक्टर आहे. बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. आत काय घडतं ते मात्र सांगू शकतो.

मूत्राशय म्हणजे नुसती पिशवी नाही, तो स्नायू आहे. त्याच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढून वाट अरुंद झाली की त्याला जास्त जोर लावावा लागतो. पुरुषांमध्ये लघवी करताना या स्नायूचा दाब साधारण पन्नास सेंटिमीटर पाण्याच्या (हे दाब मोजायचं एकक) आसपास असतो. अडथळा असेल तर तो शंभराच्या वर जाऊ शकतो. वाढलेल्या रक्तदाबाशी झगडून हृदयाची भिंत जाड होते, तसंच इथे होतं. स्नायूपेशी मोठ्या होतात, भिंत जाड होते, आतून दोरखंडासारख्या गाठाळ पट्ट्या दिसू लागतात. या टप्प्यावर लघवी पूर्ण होत असते, म्हणून माणसाला फारसं काही जाणवत नाही.

पण या जोराची किंमत मोजावी लागते. दर वेळी दाब खूप वाढला की भिंतीतला रक्तपुरवठा तेवढा वेळ आवळला जातो आणि लघवी झाल्यावर पुन्हा सुरू होतो. वर्षानुवर्षं हे घडत राहिलं की भिंतीतल्या बारीक मज्जातंतूंची टोकं मरत जातात आणि स्नायूंच्या मधे कोलॅजन, म्हणजे चिवट तंतू भरतात. ज्या स्नायूपेशींचा मज्जातंतूंशी संबंध तुटतो, त्या उरलेल्या संदेशांना वाजवीपेक्षा जास्त दाद देतात. शिवाय एरवी शांत असणारे संवेदना नेणारे बारीक तंतूही जागे होतात. त्यामुळे पिशवी अर्धीही भरली नसताना स्नायू न विचारता आकुंचन पावतो. कुलपाशी जे होतं ते हेच.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. ऑपरेशनने वाट मोकळी होते, भिंत एका दिवसात बदलत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत अडथळा केल्यावर काही आठवड्यांत मूत्राशयाचं वजन कित्येक पट वाढलेलं दिसतं आणि अडथळा काढल्यावर ते बरंच उतरतं. स्नायू आकसतो, पण साचलेलं कोलॅजन तितक्या सहज जात नाही. माणसांतही बहुतेकांची घाई हळूहळू कमी होते, काहींची पूर्ण जात नाही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत जिथून प्रोस्टेट खरवडलं ती जागा भरत असते, तिची जळजळ आणि घाई वेगळीच. म्हणून निकाल तीन महिन्यांच्या आत लावू नये असं मला वाटतं, आणि ज्यांचं इतकं तुंबलं होतं त्यांच्या बाबतीत तर आणखी थांबावं.

बाबांना एक गोष्ट जरूर सांगा. धार सुधारली आहे याचा अर्थ वाट बहुधा मोकळी झाली आहे. घाई हा मागे राहिलेला भाग आहे, ऑपरेशन फसल्याची खूण नाही.

आभा_म

@सुहृद, यांना दुखलं का नाही? माझ्या काकांची लघवी अचानक बंद झाली तेव्हा ते वेदनेने तळमळत होते.

सुहृद

अचानक तुंबलं की मज्जातंतू शाबूत असतात, भिंत एकदम ताणली जाते आणि वेदना असह्य होते. हळूहळू तुंबलं तर मूत्राशय पसरत जातं, भरल्याची जाणीव बोथट होते. म्हणून लिटरभर लघवी साचूनही माणूस शांत बसलेला असतो. वाटेवरची ताईंच्या वर्णनातला धोक्याचा भाग वेगळाच आहे: रात्री अंथरुणात लघवी आणि फुगलेल्या किडन्या. मूत्राशयातला दाब सतत चढा राहिला की किडनीतून खाली येणाऱ्या लघवीला उतरायला वाव मिळत नाही. झोपेत मूत्रमार्गाची पकड सैल पडते आणि तुंबलेलं बाहेर येतं. वयस्कर पुरुषाला नव्याने रात्री अंथरुणात लघवी होऊ लागली तर क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी करायलाच हवी. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं असेल तर थांबू नका.

लोंढ्याबद्दल: तुंबलेलं सुटलं की साचलेलं युरिया, मीठ, पाणी बाहेर पडू लागतं आणि दबलेल्या किडनीची लघवी घट्ट करण्याची क्षमता काही काळ कमी झालेली असते. सलग दोन तास ताशी २०० मिलीपेक्षा जास्त किंवा २४ तासांत तीन लिटरपेक्षा जास्त लघवी होत असेल तर डॉक्टर सावध होतात. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत आटोक्यात येतं, पण तोवर सोडियम, पोटॅशियम आणि रक्तदाब पाहावा लागतो. नर्स माप लिहीत होत्या त्या यासाठीच, आणि ते काम फार मोलाचं आहे. रक्त दिसलं ते ताणलेल्या आतल्या थरातल्या बारीक शिरांमधून. पूर्वी यासाठी नळी अधूनमधून बंद करून हळूहळू लघवी काढत. त्याने फायदा होत नाही असं दिसल्यावर आता एकदम रिकामं करतात.

शेवंता

सासऱ्यांचं दुसऱ्या टोकाचं झालं, म्हणून लिहिते. ऑपरेशननंतर वाट मोकळी, पण लघवी होईचना. तपासणीत कळलं की स्नायूच थकला होता, त्यात जुना मधुमेह. मग दिवसातून ठरावीक वेळा स्वतः बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवलं. ऐकून आम्ही सगळे हबकलो होतो. पहिल्यांदा त्यांचे हात थरथरत होते. आता हात साबणाने धुतात, आरशाची गरजही लागत नाही, काम उरकून बाहेर येतात आणि लग्नकार्यालाही जातात. कायमच्या नळीपेक्षा हे खूप बरं वाटतं त्यांना. कुणावर ही वेळ आली तर घाबरू नका.

सुहृद

@शेवंता, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. स्वच्छ हातांनी स्वतः नळी घालण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली मांडली. प्रत्येक वेळी संपूर्ण निर्जंतुक व्यवस्था लागतेच असं नाही आणि मूत्राशय फार ताणू न देणं जास्त महत्त्वाचं, हा त्यांचा आग्रह होता. नियमित रिकामं होत राहिलं तर काहींच्या थकलेल्या स्नायूत पुन्हा थोडा जोरही येतो.

वाटेवरची

खूप खूप आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे यंत्र जुनं झालंय, पाइप नवा आहे." आज खाली फेरी मारून आले.

१८० मिली शिल्लक ही काळजीची गोष्ट आहे का? आणि घाई थांबवायच्या गोळ्या आत्ताच मागाव्यात का? पाणी कमी करावं असं शेजारचे म्हणतात.

सुहृद

१८० थोडी जास्त आहे, पण आधीच्या लिटरभराच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे. एका मोजणीवर जाऊ नका, सोनोग्राफीआधी पिशवी गच्च भरली असेल तरी शिल्लक जास्त येते. पुन्हा मोजून घ्या. लघवी झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून परत प्रयत्न करायला सांगा, बऱ्याच जणांची उरलेली त्यात निघते.

पाणी कमी करू नका. लघवी घट्ट होऊन पिशवी आणखी चुरचुरते. फक्त झोपायच्या दोन-तीन तास आधी आवरतं घ्या आणि चहा-कॉफी कमी करा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. सर्दीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांतले काही घटक लघवी पुन्हा अडवतात.

गोळ्यांबद्दल: लघवीची तपासणी करून आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून घ्या, कारण त्यानेही अशीच घाई होते. स्नायू शांत करणाऱ्या जुन्या गोळ्यांनी शिल्लक वाढू शकते आणि वयस्कर माणसांत विसराळूपणाही येऊ शकतो. मिराबेग्रॉन हे नवं औषध वेगळ्या मार्गाने काम करतं, त्यात हा धोका कमी, पण रक्तदाब पाहावा लागतो. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. काही महिन्यांनीही घाई तशीच राहिली किंवा शिल्लक वाढली तर युरोडायनॅमिक तपासणीबद्दल विचारा. त्यात मूत्राशयात आणि गुदाशयात बारीक नळ्या ठेवून दाब मोजतात. वाट अजून अडते आहे की स्नायू कमजोर पडला आहे, हे त्यातूनच नीट कळतं. नुसती धार पाहून ते सांगता येत नाही.

थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा लघवी थांबून पोट दुखलं तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

वाटेवरची

नोंदवही आजपासून सुरू केली. किती प्यायले, किती झाली, कधी घाई झाली, सगळं बाबा स्वतः लिहितात. पुढच्या फेरतपासणीला धारेची मशीनवरची चाचणीही सांगितली आहे. त्यासाठी काही तयारी?

सुहृद

तीन दिवसांची नोंद सोबत न्या. चाचणीला जाताना लघवी साधारण लागलेली असू द्या, पण अगदी गच्च होईपर्यंत थांबू नका. १५० मिलीपेक्षा कमी झाली तर त्या आलेखावर विश्वास ठेवता येत नाही. आणि ती झाल्या झाल्या, दुसऱ्या कुठल्या रांगेत न बसता, शिल्लक मोजायची सोनोग्राफी करून घ्या.