वजन उतरवण्यासाठी भात सोडण्याची खरोखर गरज आहे का?

कोकणवाट:
वजन कमी करायचे ठरले की आपल्याकडे ताटातून सर्वांत आधी भात जातो, आणि त्याच्या जागी आलेल्या भाकऱ्या मात्र कोणी मोजत नाही. 100 ग्रॅम कच्च्या तांदळातून साधारण 350 कॅलरी मिळतात, आणि तेवढ्याच ज्वारीच्या पिठातूनही जवळपास तितक्याच. त्यामुळे वाटीभर भात सोडून दोन मोठ्या भाकऱ्या आणि वर तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी घेणाऱ्याचे वजन उतरेल, असे मानायला काहीच आधार नाही. भात-पोळी दोन्ही एकदम बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो खरा. पण त्यात मोठा वाटा शरीरातील ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर) निघून गेलेल्या पाण्याचा असतो, चरबीचा नव्हे.

माणदेशी:
मला हे पटत नाही. कॅलरी सारख्या म्हणून परिणामही सारखा, असे धरता येत नाही. पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ज्वारीत चोथा कितीतरी जास्त असतो. भाकरी चावून खावी लागते, तर वरण कालवलेला भात भराभर पोटात जातो आणि नको नको म्हणताना पुन्हा वाढून घेतला जातो. माझ्या आईला मधुमेह आहे. रात्रीच्या भाताऐवजी एक भाकरी सुरू केल्यापासून तिची जेवणानंतरची साखर आटोक्यात राहते, हे आम्ही घरच्या ग्लुकोमीटरवर पाहतो आहोत.

कोकणवाट:
मधुमेहाबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. माझा मुद्दा वजनापुरता आहे. रत्नागिरीत किंवा गोव्यात ज्याचे जेवण भाताशिवाय पुरेच होत नाही, त्याला भात तोडायला सांगितले तर तो चार दिवस पाळतो आणि पाचव्या दिवशी दुप्पट खातो. त्याऐवजी भात निम्मा करून उसळ किंवा मासा वाढवला, तर पोटही भरते आणि ते वर्षभर निभते. शिवाय फोडणीकडे कोणाचेच लक्ष नसते. 15 मिलिलिटर तेलात सुमारे 120 कॅलरी असतात, आणि घरोघरी तेल पळीने न मोजता बाटलीतून थेट कढईत जाते.

सायली_ठाणे:
यात उपवासही धरा. वजनासाठी म्हणून गुरुवार करणाऱ्या कितीतरी जणी त्या दिवशी दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी खातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचे कूट आणि तूप. रोजच्या वरण-भाताने यापेक्षा वजन वाढले नसते.

माणदेशी:
तेलाचे आणि खिचडीचे पटले. पण ‘निम्मा भात’ कोणत्या वाटीने मोजायचा? प्रत्येक घरची वाटी निराळी, आणि भात दाबून भरला की तीच वाटी दीडपट होते. मोजायचेच तर कच्चा तांदूळ मोजावा. 50 ग्रॅम तांदळाचा साधारण दीडशे ग्रॅम भात होतो. पाच माणसांच्या घरात आईपुरता तांदूळ रोज वेगळा मोजून शिजवणे आम्हाला जमणारे नाही, म्हणून तिच्यासाठी आम्ही भाकरीच कायम ठेवणार आहोत.